जुन्या गाडीत टाकीतला फ्युएल पंप मोठ्या क्षमतेचा बसवावा का?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)

माझ्याकडे २००३ सालची १.३ लीटरची एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी) पेट्रोल सेडान आहे. इंजिन मूळ अवस्थेतच, म्हणजे ८५ अश्वशक्तीचे आहे. मे महिन्याच्या दुपारी शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागलो की पाऊण तास गाडी सुरळीत चालते; त्यानंतर पिकअप मरतो, झटके बसू लागतात, आणि टाकी पावच भरलेली असेल तर मागच्या सीटखालून पंपाचा शिट्टीसारखा आवाज येतो. सकाळच्या गारव्यात हा त्रास होत नाही. गॅरेजमध्ये ताशी २५५ लीटरचा पंप टाकण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर (प्रतापनगर)

इतक्यात मानू नये. ८५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण ताकदीने चालले तरी त्याला तासाला साधारण २५ ते ३० लीटर पेट्रोल लागते, आणि चांगल्या स्थितीतला मूळ पंप त्याहून बराच जास्त पुरवठा करतो. २५५ लीटरचा पंप टर्बो बसवलेल्या इंजिनांसाठी घेतला जातो. आपल्या गाडीत तो बसवल्यास उरलेले सगळे पेट्रोल बारीक परतीच्या नळीतून टाकीत जावे लागेल. ते रेग्युलेटरला (पेट्रोलचे प्रेशर ठरावीक ठेवणाऱ्या भागाला) पेलले नाही तर रेलमधले, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतले, प्रेशर वाढून गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागेल. शिवाय हा पंप करंटही जास्त ओढतो, आणि वीस वर्षांच्या वायरिंगचा कमकुवतपणा तिथेच उघडा पडतो.

आधी दोन मापे घ्या. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि पंपाच्या कपलरवर (वायर जोडण्याच्या प्लगवर) व्होल्टेज मोजा; दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायर, रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) किंवा अर्थिंगमध्ये आहे. पंपाची मोटर डीसी असल्याने व्होल्टेज घटले की तिचे फेरे घटतात आणि पुरवठाही घटतो. दुसरे म्हणजे रेलवर गेज लावून, गाडी तापलेली असताना प्रेशर पाहा. अशा गाड्यांत ते ३ बारच्या आसपास अपेक्षित असते. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

प्रश्नकर्ता

काल मोजले. बॅटरीवर १३.८, कपलरवर ११.१ व्होल्ट. कपलरची एक पिन काळवंडली होती आणि भोवतालचे प्लास्टिक पिवळे पडून वाकले होते. तापल्यावर प्रेशर २.१ बारपर्यंत उतरते.

उत्तर (प्रतापनगर)

मग कपलर बदला आणि बॅटरीपासून फ्यूजसह नवी वायर थेट पंपापर्यंत आणा. मात्र नव्या रिलेला चालू-बंदचा इशारा जुन्या पंपाच्या वायरमधूनच द्या. थेट इग्निशनवर जोडल्यास अपघातात इंजिन बंद पडूनही पंप पेट्रोल फेकत राहतो, म्हणून हे फार महत्त्वाचे आहे.

उत्तर (जरीपटका)

टाकी उघडणारच असाल तर पंपाच्या तोंडापासून वरच्या झाकणापर्यंतची आतली आखूड नळी हातात घेऊन वाकवून पाहा. ती चिरलेली असेल तर प्रेशर टाकीतल्या टाकीतच गळते, बाहेर थेंबही दिसत नाही, आणि दोष पंपावर जातो. दुकानात मिळणारी साधी पेट्रोल नळी तिथे लावू नका. ती बाहेरच्या वापरासाठी असते, चहूबाजूंनी पेट्रोलात बुडाली की फुगते. टाकीत बुडवून वापरण्यासाठी ३०आर१० (एसएई मानकातील) दर्जाची नळी येते, तीच मागा. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असल्यामुळे जुन्या रबराबाबत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. पंपाच्या तोंडाची गाळण जाळीही सोबतच बदला.

टाकी पावपेक्षा जास्त भरलेली ठेवा. पंपाला थंडावा पेट्रोलाचाच असतो. पातळी उतरली की परत येणारे गरम पेट्रोल थोड्याशा साठ्यात मिसळते आणि पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे होतात. शिट्टीचे एक कारण हेही असू शकते.

आणि एक कळकळीची विनंती. हे काम गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी उभी करून करू देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते. मोकळ्या जागेत, सकाळी, बॅटरीची निगेटिव्ह काढून काम करा.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. आतली नळी खरोखरच दोन ठिकाणी चिरलेली निघाली. नळी, जाळी, कपलर आणि वायर बदलून पंप मूळ क्षमतेचाच नवा टाकला. आता कपलरवर १३.५ व्होल्ट मिळतात आणि तापल्यावरही प्रेशर २.९ बारवर टिकते. रविवारी दुपारी दोन वाजता समृद्धीवर दीड तास गाडी चालवली, एकही झटका बसला नाही. जुना पंप वेगळा तपासायचा राहिला, त्यामुळे तो खरोखर खराब झाला होता की नाही हे मात्र सांगता येणार नाही.