अनुभव धागा : सोडून द्यावंसं वाटलं, तरी सोडलं नाही

गेल्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ अडखळायला लागली. तीस वर्षं कृषी सहायक म्हणून लोकांच्या बांधांवरून फिरलेला माणूस. फिजिओथेरपीच्या ताईंनी परातीत कोरडे तांदूळ घेऊन त्यात बोटं फिरवायला सांगितली. मग चिमटीत शेंगदाणे, मग शर्टाची बटणं. पहिलं बटण लागायला अडीच महिने गेले. मधे एकदा त्यांनी परात भिरकावली. आई काही न बोलता घरभर सांडलेले तांदूळ वेचत राहिली. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर परात पुन्हा समोर.

त्या काळात यशाच्या गोष्टी ऐकवायला खूप जण आले. मला हवं होतं ते कुणी सांगत नव्हतं : काहीच हलत नाही, त्या मधल्या दिवसांत माणसं काय करतात? तेच इथे लिहा. घर, खेळ, अभ्यास, गावकी, काहीही चालेल. शेवट गोड झाला नसला तरी लिहा.

माळावरची

आमचा कोरेगाव तालुका. २०१६ साली वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली पाणी अडवायच्या कामांची स्पर्धा, पहिल्यांदा झाला तो तीनच तालुक्यांत : वरुड, अंबाजोगाई आणि आमचा. त्यात आमच्याच तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. आमच्या गावाचा नंबर कुठेच लागला नाही, म्हणून लिहावंसं वाटलं.

पहिल्या दिवशी माळावर शंभरेक माणसं होती. फोटो झाले. चौथ्या दिवशी आम्ही अकरा जण उरलो, त्यात सात बायका. ऊन असं की टिकावाचा दांडा हातात धरवेना. मग पहाटे चारला जायला लागलो. दोन पायांच्या लाकडी ए-फ्रेमला (इंग्रजी A सारखी चौकट) ओळंबा बांधून समपातळीच्या खुणा करायच्या, फक्कीने रेघ मारायची, त्या रेघेवर चर खणायचा आणि माती उताराच्या बाजूला टाकायची. खाली मुरूम लागला की दिवसभरात हातभरही पुढे सरकत नसे. जाऊबाई म्हणायच्या, "आजचा खड्डा आजच्यापुरता." मी तेवढंच धरून ठेवलं. बक्षीस नाही मिळालं, पण आमच्या आडात आता मार्चअखेरपर्यंत पाणी असतं. पूर्वी संक्रांतीलाच तळ दिसायचा.

लाल माती

कोल्हापूरच्या तालमीत सात वर्षं काढली. पहाटे उठायचं, जोर-बैठका, हौद्यात माती उकरायची, मग लढती. मातीत मी बरा होतो. मॅटवर गेलो की पाय सरकायचे, डाव अर्ध्यावर सुटायचा. जिल्ह्याच्या निवड चाचणीत लागोपाठ तीन वर्षं पहिल्याच फेरीत बाहेर.

वस्ताद जुन्या गोष्टी सांगत. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले ते मातीचेच पैलवान. तिथे सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मला त्या पदकापेक्षा मधली चार वर्षं जास्त मोठी वाटतात. सहाव्या नंबरानंतर तो माणूस रोज आखाड्यात उतरत होता.

चौथ्या वर्षी माझी निवड झाली. पुढे खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. आज गावातल्या पोरांना संध्याकाळी शिकवतो. जुनी मॅट मिळवायला दोन वर्षं घालवली.

सतरा नंबर

लग्नाआधी नववी झाली होती. मुलगी दहावीला गेली त्याच वर्षी मीही सतरा नंबरचा फॉर्म भरला, शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा. ती एका दमात पास. मी गणितात गेले, पुरवणी परीक्षेत पुन्हा गेले. तिसऱ्यांदा ३८ मिळाले. शिवणकामाची गिऱ्हाइकं यायची, मशीनवरच सूत्रांचा कागद चिकटवला होता. एवढंच.

कृष्णाकाठ

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी चढत होतं तेव्हा मदतीला माणूस कमी पडलं नाही. जत, आटपाडीच्या दुष्काळी भागांतून भाकऱ्यांची गाठोडी आली. ज्यांना स्वतःला प्यायला टँकर लागतो त्यांनी पाठवलेली ती भाकरी खाताना घास उतरत नव्हता.

खरं काम पाणी ओसरल्यावर सुरू झालं. घराघरांत गुडघाभर गाळ आणि त्याचा वास. टीव्हीवाले गेले, ट्रक थांबले. आमच्या गल्लीतल्या आठ-दहा जणांनी ठरवलं, रोज एकच घर, पण पूर्ण. आधी म्हाताऱ्या एकट्या माणसांचं. फावड्याने गाळ ओढायचा, पाणी मारायचं, ब्लीचिंग पावडर टाकायची. एका आजींनी भिजलेला लग्नाचा अल्बम उशाखाली ठेवला होता, फोटो एकमेकांना चिकटलेले. तो आम्ही फेकला नाही. गणपती आले नि गेले, काम चालूच होतं. पाठ धरली, हातांना चिखल्या झाल्या, दोघं तापाने पडले. पंधराव्या घराला आम्ही चारच होतो. तरी गेलो, कारण त्या काकांना "उद्या येतो" म्हणून सांगून आलो होतो.

धागा काढणारी

सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. माळावरच्या ताईंचा दोनदा वाचायला लावला. त्यांनी एक निरोप सांगितलाय, शब्द जुळवायला बराच वेळ लागला, पण पूर्ण सांगितला : "पावसाळ्यानंतर चरांत गाळ साचतो. तो दरवर्षी काढा, नाहीतर चर बुजतात. आणि भरावावर गवताचं बी टाका."