एसटी थांबताना चाके उलटी का फिरतात? आफ्टर इफेक्ट्समधील एक्सप्रेशनबाबत प्रश्न

प्रश्न
आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मी लाल एसटीचे एक दृश्य करत आहे. गाडी डावीकडून येते, थांब्याजवळ हळू होते आणि उभी राहते. चाकांच्या रोटेशनवर मी 'टाइम गुणिले स्पीड' असे एक्सप्रेशन (किंमत काढणारे छोटे सूत्र) लिहिले असून स्पीडचा आकडा स्लायडर कंट्रोलमधून (आकडा कमीजास्त करायच्या पट्टीतून) येतो. गाडी हळू होते तिथे या स्लायडरला ३६० वरून शून्यावर आणणाऱ्या कीफ्रेम (ठरावीक क्षणाची किंमत नोंदवणाऱ्या खुणा) दिल्या आहेत. वेग कायम असेपर्यंत सारे सुरळीत चालते. मात्र स्लायडर उतरू लागताच गाडी पुढे जात असूनही चाके गरगर उलटी फिरतात. चूक कुठे आहे?

उत्तर १
चूक गुणाकारात आहे. एक्सप्रेशनला मागच्या फ्रेमची आठवण नसते. ते प्रत्येक फ्रेमला नव्याने हिशेब करते. चौथ्या सेकंदाला ४ गुणिले ३६० म्हणजे १४४० अंश झाले. पाचव्या सेकंदाला स्लायडर १८० वर आला, तर ५ गुणिले १८० म्हणजे ९०० अंशच होतात, आणि एका सेकंदात चाक ५४० अंश मागे जाते. सुरुवातीपासूनच्या प्रत्येक फ्रेमचा वेग लूपने (तीच क्रिया पुन्हा पुन्हा करून) बेरजेत धरता येतो, पण २५ फ्रेमच्या गतीने मिनिटभराचे दृश्य असेल तर शेवटच्या फ्रेमसाठी १५०० बेरजा कराव्या लागतात.

उत्तर २
माझ्या मते इथे वेळेचा संबंधच ठेवू नये, कारण चाक किती फिरावे हे गाडीने कापलेल्या अंतरावर ठरते. चाकाची त्रिज्या ८० पिक्सेल असेल तर परीघ सुमारे ५०३ पिक्सेल येतो. पोझिशनमधला पहिला आकडा म्हणजे आडवे स्थान. त्याच्या आताच्या किमतीतून शून्याव्या सेकंदाची किंमत वजा करा, परिघाने भागा आणि ३६० ने गुणा. स्लायडर काढून टाकला तरी चालेल.

प्रश्नकर्ता
तसे केले, परंतु आता चाक जागचे हलतच नाही.

उत्तर २
आपण बहुधा चाकाचीच पोझिशन घेतली असावी. चाक गाडीच्या सांगाड्याला पेरेंट केलेले (त्याच्यासोबत हलेल असे जोडलेले) असल्यामुळे त्याची पोझिशन सांगाड्याच्या हिशेबात मोजली जाते, आणि गाडी कितीही पुढे गेली तरी ती बदलत नाही. पिक व्हिप (दुसऱ्या लेयरची किंमत जोडून घेणारे चिन्ह) ओढून सांगाड्याच्या लेयरची पोझिशन घ्यावी. सांगाड्याचे स्केल (आकाराचे प्रमाण) ५० टक्के असेल तर त्रिज्या ४० धरावी, कारण पडद्यावर चाक तेवढेच दिसते. पुढे हीच गाडी आडवे स्केल उणे १०० करून, म्हणजे आरशातल्यासारखी उलटवून, उलट दिशेने न्यायची झाल्यास एक्सप्रेशनच्या आधी उणे चिन्ह लावावे लागेल.

प्रश्नकर्ता
स्केल खरोखरच ५० टक्के होते; त्रिज्या बदलताच चाक रस्त्यावर घसरल्यासारखे दिसायचे थांबले. ब्रेक लागल्यावर गाडी किंचित मागे हलावी म्हणून मी शेवटी दोन कीफ्रेम दिल्या होत्या. चाकही आता आपोआप तेवढेच मागे वळते.