कंपनीचा सायलेन्सर म्हणजे मिळमिळीत?

डेट्रॉईटचा_दत्तू
मी टाकलेल्या ६७ च्या कॉर्व्हेटच्या फोटोखाली व्ही_ट्वेल्व्ह यांनी ठोकून दिलंय, की जुन्या स्पोर्ट्स कारला कंपनीचाच सायलेन्सर ठेवणारे आवाजाला घाबरतात. गाडी जिवंत करायची तर बाहेरचा स्टेनलेसचा सेट बसवा. तिथेच उत्तर देणार होतो, पण फार लांबलं.

अहो, आवाज तर कंपनीच विकत होती! १९६५ ते ६७ च्या कॉर्व्हेटला एन-१४ हा कंपनीचाच बाजूच्या पाइपांचा पर्याय घेतला की पाइप थेट दाराखालून. सायलेन्सरचा नेहमीचा डबा नाहीच, पाइपच ठिकठिकाणी चेपून कप्पे केलेले. १९७० च्या पाँटिॲक जीटीओची तर कमाल. डॅशबोर्डखालची मूठ ओढली की इंजिनाच्याच व्हॅक्यूमवर सायलेन्सरमधली झडप उघडायची. जानेवारीत सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, टीव्हीवर जाहिरात झळकली, वरच्या साहेबांचं पित्त खवळलं आणि पर्याय बंद. जेमतेम २३३ गाड्या निघाल्या. हे मिळमिळीत?

व्ही_ट्वेल्व्ह
इतिहास पाठ आहे, अभिनंदन. माझ्या एमजीबीचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे, दोन मूळ डबे इथल्या रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठाने खाल्ले. तिसऱ्यांदा स्टेनलेस लावला, बारा वर्षं हात लावलेला नाही. पुस्तकातला आवाज तुम्ही ऐका.

डेट्रॉईटचा_दत्तू
मिठात जुनी गाडी काढताच कशाला? आणि डबा आतूनही सडतो. दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेलात, पाइप तापायच्या आत परत. धुरातलं आत साचलेलं पाणी उडणार कधी?

व्ही_ट्वेल्व्ह
दुधाला माझी दुसरी गाडी आहे.

भोरचा_फिटर
दोघंही चुकताय. इंजिनाला बॅकप्रेशर, म्हणजे पाइपातून धुराला उलटा अडथळा, लागतंच. मोकळा पाइप लावला की पिकअप मेला.

नळी_आणि_वारा
दादा, हे ऐकून ऐकून कान किटले. बॅकप्रेशर कुठल्याही इंजिनाला 'लागत' नाही, वायूला वेग लागतो. पाइप नको तेवढा रुंद केला की वेग पडतो, खालच्या आरपीएमला ओढ जाते. वर कार्ब्युरेटरचं जेटिंग, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकांचं माप, तसंच ठेवलं तर मिश्रण पातळ, पेट्रोल कमी. दोष पाइप निवडणाऱ्याचा.

भोरचा_फिटर
म्हणजे पिकअप मेलाच ना? मग मी काय वेगळं बोललो?

सदाशिवपेठी_सून
तुमचं कॉर्व्हेट राहू द्या हो. आमच्या गल्लीत रात्री साडेअकराला एक बुलेट येते, सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढलेली. सासऱ्यांची बायपास झालीय, दचकून उठून बसतात. छंद म्हणे!

धडधड_३५०
बुलेटला नावं ठेवू नका. आवाज हाच तिचा प्राण.

सदाशिवपेठी_सून
प्राण आमचा जातो. जप्त केलेले सायलेन्सर मांडून पोलिसांनी त्यावर रोडरोलर फिरवला, ते बघून मी घरात पेढे वाटले.

धडधड_३५०
गणपतीत डीजेपुढे हीच तोंडं गप्प असतात. तिथे वाटा पेढे.

सदाशिवपेठी_सून
कोण गप्प? दोनदा तक्रार केलीय मी, आणि मंडळाची मुलं दारात येऊन उभी राहिली. तुम्ही आला होतात का सोबत? मग तोंड कुणाला सांगताय?

धडधड_३५०
बरं, ते चुकलं माझं. पण पुंगळी मी काढणार नाही असं काही लिहून देत नाही.

डेट्रॉईटचा_दत्तू
डीजेचा धागा वेगळा काढा रे. ताई, जीटीओची झडप बंदही व्हायची. गल्लीत शिरताना मूठ आत ढकलली की काम झालं.

सदाशिवपेठी_सून
आणि ढकलणार कोण? हा धडधड?

नळी_आणि_वारा
एन-१४ चं कौतुक करणाऱ्यांनी उतरताना पाय कुठे टेकतो तेही सांगावं.

डेट्रॉईटचा_दत्तू
पोटरीवर भाजल्याचा डाग आहे माझ्या. शॉर्ट्स घालून उतरलो होतो. खुश?

व्ही_ट्वेल्व्ह
खूप. चला, एवढं मान्य: गाडी मुळातच एन-१४ ची असेल तर मीही तो काढणार नाही. पण असे पाइप नंतर ठोकलेल्या गाड्या ढिगाने आहेत. गाडीला मुळात काय काय बसवलं होतं ते सांगणारा, पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला कारखान्याचा कागद दाखवा, मग बोलू.

डेट्रॉईटचा_दत्तू
गाडी शेजाऱ्याची आहे.

व्ही_ट्वेल्व्ह
वाटलंच.