ऑनलाइन खूप बोलणारे प्रत्यक्षातही तसेच असतात का?

प्रश्न: ग्रुपवर दिवसभर ॲक्टिव्ह असणारी माणसं समोर भेटली की गप्प का होतात? आणि उलटपण बघितलंय, प्रत्यक्षात गप्पिष्ट पण फेसबुकवर वर्षानुवर्षं एक पोस्ट नाही. तुमचा काय अनुभव?

प्रतिसाद १: मला वाटतं टाइप करताना विचार करायला वेळ मिळतो, लिहिलेलं खोडता येतं, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून लाजाळू माणूसपण मोकळा होतो, यात खोटेपणा काही नाही, तोही त्याचाच स्वभाव आहे.

प्रतिसाद २: रॉबिन डनबार म्हणून ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या मते माणूस साधारण 150 जणांशीच खरं नातं टिकवू शकतो. फेसबुक 5000 फ्रेंड्स करू देतं, पण 2016 च्या त्यांच्या अभ्यासात लोकांनी अडचणीत हाक मारण्यासारखे जेमतेम 4 च सांगितले. म्हणजे लिस्ट कितीही वाढली तरी जवळची माणसं तेवढीच.

प्रतिसाद ३: हो पण लांब राहणाऱ्यांशी, अंथरुणाला खिळलेल्यांशी संबंध टिकतो तो यामुळेच ना! त्याला कमी लेखू नका प्लीज. नुसतं स्क्रोल करणं वेगळं आणि कुणाला स्वतःहून मेसेज करणं वेगळं, मला तर हाच फरक महत्त्वाचा वाटतो.