उंबरा गेलाय, पण गाडी गोड आहे

खालचा_पत्रा (शेफील्ड)
काल 'लीजवाला' यांनी एका पोराला दिलेलं उत्तर वाचलं आणि रात्री झोप लागेना, म्हणून हा वेगळा धागा. पोराने विचारलं होतं: 2002 ची माझदा एमएक्स-5 (दोन सीटची, कापडी टप उघडणारी गाडी), 1.8 इंजिन, 78 हजार मैल, 2,400 पौंडांत मिळतेय, "थोडा गंज" आहे, घेऊ का? त्यावर यांचं उत्तर: "एवढी जुनी गाडी म्हणजे चालतं भंगार. गंज हा कॅन्सर असतो. महिना तीनशे पौंडांत नवी गाडी लीजवर मिळते. इतक्या लांब येऊन भंगार कशाला सांभाळायचं?"

पहिली गोष्ट, गंजाला कॅन्सर म्हणणं बंद करा. ज्याच्या घरात तो येऊन गेलाय त्याला विचारा. गंज म्हणजे गंज, आणि तो गाडीत कुठे आहे यावर सगळं ठरतं. चाकावरच्या कमानीला रंगाखाली फुगे आलेत? दिसायला वाईट, बस. सिलला, म्हणजे दाराखालच्या पट्टीला, मागच्या चाकापुढे भोक आहे? खर्च आहे, पण होण्यासारखा.

या गाडीचं दुखणं टपात आहे. कापडी टपावरचं पाणी मागच्या पन्हळीत जमतं, सीटच्या मागच्या दोन नळ्यांतून उतरतं आणि मागच्या चाकांच्या पुढ्यात बाहेर पडतं. नळीत पाला अडकला की ते दुसरी वाट शोधतं आणि सिलमध्ये शिरून बसतं. माझ्या गाडीत ब्रेक मारला की डावीकडे काहीतरी डुचमळायचं. महिनाभर मी समजत होतो, पाण्याची बाटली सीटखाली लोळतेय. अहो, तो सिल होता! भरलेला!

2016 साली अठराशेला घेतली. दोन्ही सिल कापून नवे वेल्ड करून घेतले, अकराशे गेले. तेव्हापासून चालवतोय. रविवारी सकाळी सहाला, मेंढ्या सोडून रस्त्यावर कुणी नसताना, टप उघडून स्नेक पासच्या डोंगरी रस्त्यावर एकदा जाऊन या, मग लीजबद्दल बोलू.

लीजवाला (स्लाऊ)
अठराशेची गाडी, अकराशेचं वेल्डिंग. गणित तुम्हीच मांडलंत. त्यात टायमिंग बेल्ट धरा, टप फाटला की टप धरा.

आणि मी पुस्तकी बोलत नाही. 2011 साली मीही एक घेतली होती. एमएक्स-5 नव्हे, दुसरी, पण दोन दारांची आणि लाल. एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, पास. खालून काळंभोर चकचकीत अंडरसील, म्हणजे गंज लागू नये म्हणून दिलेला डांबरी लेप. विकणारा म्हणाला, "बघा, किती जपलीये." आठ महिन्यांनी पुढच्या एमओटीला टेस्टरने खालून ठोकलं आणि डांबराचा पापुद्रा हातात आला. आत पत्रा नव्हताच, डांबरच पत्रा होऊन बसलं होतं. सीटबेल्ट जिथे अडकतो तिथून 30 सेंटिमीटरच्या आत भोक, म्हणजे थेट नापास. बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर. त्याच सीटवर बसून रोज स्टेशनला जायची.

तुमचा स्नेक पास तुम्हाला लखलाभ.

पेठेतला
सिल, सिल काय लावलंय? दाराखालच्या पट्टीला मराठीत शब्द आहे: उंबरा. गाडीत शिरताना आपण तोच ओलांडतो. आपल्याकडचे गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, तेही इंग्रजीच. निदान परदेशात राहून मराठीत लिहिणाऱ्यांनी तरी ही कृपा करावी.

खालचा_पत्रा
@लीजवाला, ते वाईट झालं, मान्य. पण त्यात दोष जुन्या गाडीचा की न बघता घेणाऱ्याचा? तेवीस वर्षांच्या गाडीखाली ताजं डांबर दिसलं की मी तिथूनच परत फिरतो. त्यापेक्षा उघडा, तांबूस, पण ठोकल्यावर टणटण वाजणारा पत्रा शंभर पटीने बरा.
@पेठेतला, बरं. उंबरा.

पद्मिनीपुत्र (ठाणे)
मूळ मुद्दा कुणीच बोलत नाहीये. हल्लीच्या गाड्यांचा पत्रा म्हणजे पापड. आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली, मूळची फियाट 1100. बॉनेटवर आम्ही तिघं भावंडं बसून फोटो काढायचो, एक पोचा नाही. रत्नागिरीत, समुद्रापासून दीड किलोमीटरवर, एकोणीस वर्षं उघड्यावर उभी होती. तुमचं इंग्लंडचं मीठ आम्हाला सांगू नका, आमच्याकडे हवेतच मीठ आहे. जाड पत्रा असला की गंज काय करणार?

बारा_तेराचा_पाना (कॉव्हेंट्री)
जाड पत्रा उशिरा भोक पाडू देतो, गंज थांबवत नाही. गंज थांबवतं ते जस्त. पोर्शेने 1976 च्या मॉडेलपासून 911 च्या बॉडीला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला. तो काही रणगाड्याइतका जाड नव्हता. आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. पाणी साठायला जागा नसेल, चिखल धुतला जात असेल, तर पातळ पत्राही टिकतो. दोन पत्रे एकमेकांवर दाबून मधे फट ठेवली की जाड पत्राही आतून जातो.

आणि इथलं मीठ हवेतून येत नाही हो, लॉरीने येतं. चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून उपसलेलं, हिवाळाभर रस्त्यांवर पसरलेलं. चाकाने उडालेला तो राडा थेट खालच्या फटींत जाऊन बसतो.

आता मुख्य. @खालचा_पत्रा, तुम्ही उंबऱ्यावर निबंध लिहिलात आणि ज्याने ही गाडी खरंच मरते ते सोडून दिलंत. 1998 ते 2005 च्या या पिढीत पुढच्या चॅसीच्या दांड्यांत आत एक जादा पत्रा आहे. मधल्या फटीत पाणी बसतं आणि दांडी आतून कुजते, पुढच्या अँटी-रोल बारच्या (वळताना गाडी कलू न देणाऱ्या सळीच्या) पकडीच्या आसपास. खाली प्लास्टिकचं आवरण असतं. एमओटीचा टेस्टर आवरणं सोडवत बसत नाही, तो दिसतं तेवढंच तपासतो. म्हणजे पास असलेल्या गाडीचं नाक कुजकं असू शकतं. गाडी उचलून आवरण काढू देत नसतील, तर चहा पिऊन परत यायचं.

पद्मिनीपुत्र
पाना दादा, पोर्शेची उदाहरणं देऊन सामान्य माणसाला गप्प करायची ही जुनी युक्ती. मी पद्मिनीबद्दल बोलतोय. एकोणीस वर्षं! ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हा लोक हार घालत होते. तुमच्या माझदाला कुणी हार घालेल?

बारा_तेराचा_पाना
दादा नाही, ताई. पत्र्याच्या प्रेस शॉपमध्ये चौदा वर्षं काढलीत.
पद्मिनीच्या पायाखालच्या पत्र्याचं काय झालं होतं, ते सांगा. रबराची मॅट, तिच्याखाली ओला नमदा, वर कोकणातला पाऊस. एकोणीस वर्षं तो टिकला असेल तर मला बघायचाय.

पद्मिनीपुत्र
माफ करा, ताई. हे बघा, खालचा पत्रा थोडा गेला होता हे खरं आहे. ड्रायव्हरच्या मागे. माझ्या बहिणीची एक चप्पल त्यातून निवळीच्या घाटात पडली, ती मिळाली नाही. मग वडिलांनी तिथे डालड्याचा डबा उलगडून रिवेट मारून बसवला. मॅट सरकली की मागच्या सीटवरून ते माडाचं चित्र दिसायचं. पण बॉडी उत्तम होती!

लीजवाला
"जाड पत्रा असला की गंज काय करणार?" डालडा करणार.

टोरांटोकर
😂 काल रात्री बायकोला वाचून दाखवलं.
आमच्याकडे हिला मियाटा म्हणतात आणि शहाणे लोक नोव्हेंबर ते एप्रिल बाहेरच काढत नाहीत. एक सांगतो, लोकांना उलटं वाटतं: मिठाने माखलेली गाडी ऊबदार गॅरेजमध्ये लावणं हे थंडीत बाहेर ठेवण्यापेक्षा वाईट. गोठलेल्या थंडीत गंजाचा वेग मंदावतो, उबेत ओलं मीठ जोमाने काम करतं. मी पहिल्या वर्षी लाडाने हीटरच्या गॅरेजमध्ये ठेवली होती. चुकलो.

पद्मिनीपुत्र
हसा. वडील गेले, गाडी गेली. पण तिला ओढून नेताना डेपोवाल्याने हात लावून "पत्रा भारी आहे" म्हटलं होतं. मी तिथे उभा होतो.

पेठेतला
भारी म्हणजे वजनाने. भंगारवाला किलोवर घेतो.

पद्मिनीपुत्र
तुमच्यासारख्या माणसांमुळे लोक इथे लिहायचं सोडतात. मराठीचा उंबरा सांभाळा तुम्ही, माणसं बाहेरच राहू देत.

खालचा_पत्रा
अरे थांबा. पेठेतले, ते वाक्य नको होतं.
पानाताई, पुढच्या दांड्यांचं मी लिहायला हवं होतं, चुकलं. माझ्या गाडीच्या ठीक निघाल्या म्हणून विसरलो. म्हणजे, ठीक निघाल्या असं वेल्डिंगवाला म्हणाला. आता शनिवारी आवरण काढून स्वतः बघणार आहे. तुमच्यामुळे माझाही रविवार गेला.

पेठेतला
वडिलांची आठवण दुखावली असेल तर तेवढं मागे घेतो. किलोचं नाही.

नवशिक्या_नॉटिंगहॅम
नमस्कार, ज्याच्यावरून हे सगळं चाललंय तो मीच. मला पद्मिनी घ्यायची नाहीये 🙂
गाडीचा नंबर टाकून एमओटीची जुनी नोंद काढली. 2021 ला सूचना: दोन्ही सिल (सॉरी, उंबरे) गंजलेले. 2022 ला डाव्या उंबऱ्यासाठी नापास, पाच दिवसांनी पास. 2023 ला गंजाचा उल्लेखच नाही. 2024 ला पण नाही. म्हणजे चांगलंच ना?

लीजवाला
बाळा, हे वाचूनही तुला चांगलं वाटत असेल तर तुला गाडीची नाही, आईची गरज आहे.

बारा_तेराचा_पाना
त्याला रागावू नका, नोंद काढली हे बहुतेकांपेक्षा पुष्कळ झालं.
नवशिक्या, 2021 ला गंज दोन्हीकडे होता. 2022 ला फक्त डावा दुरुस्त झाला. मग 2023 ला उजव्याचं काय झालं? गंज आपोआप बरा होत नाही. एक तर दोन्ही बाजूंना वेल्डिंग झालंय, तर बिल असेल, फोटो असतील, ते माग. नाहीतर वरून अंडरसील फासलंय आणि टेस्टरला काही दिसलंच नाही. नोंदीत गंज लिहिलेला असणं वाईट नाही. लिहिलेला गंज मधूनच गायब होणं वाईट.

जाताना एक छोटं चुंबक ने, फडक्यात गुंडाळून, रंगाला चरा पडायला नको. उंबऱ्यावर मागच्या चाकापासून पुढे सरकवत ये. जिथे पकड सुटेल तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सीटमागच्या नळ्यांत गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घाल. तार घालू नकोस, नळी फाटते. जुनी पँट घाल.

लीजवाला
आणि हे सगळं ठीक निघालं तर? तरी दरवर्षी पत्र्याच्या आतल्या पोकळीत गंज रोखणारं मेण मारायचं, नळ्या साफ करायच्या, हिवाळ्यात मीठ धुवायचं. पोरगं नोकरी करतं का गोठा सांभाळतं? माझ्या लीजच्या गाडीचं मी काय करतो सांगू? काहीही नाही. चावी फिरवतो. नव्हे, चावी नाहीच.

खालचा_पत्रा
आणि तीन वर्षांनी परत देताना दाराला पडलेल्या ओरखड्याचे किती भरलेत मागच्या वेळी? तुम्हीच लिहिलं होतं दिवाळीत.

लीजवाला
410 पौंड. पण गंज नव्हता.

पद्मिनीपुत्र
410 पौंडांत आमच्या अख्ख्या गाडीचं टिंकरिंग, पेंटिंग आणि सत्यनारायण झाला असता.

लीजवाला
यावर काही बोलत नाही. बरोबर आहे.

नवशिक्या_नॉटिंगहॅम
जाऊन आलो. चुंबक डाव्या उंबऱ्याला सगळीकडे चिकटला. उजव्याला मागच्या चाकापासून साधारण दीड वीत जागा अशी होती की चुंबक सरळ गळून पडला. बिल एकाच बाजूचं, 2022 चं. विकणारे आजोबा भले होते, चुंबक पडल्यावर तेच म्हणाले, "ओह." उजव्या नळीत दोरी घातली, आधी काही नाही, मग एकदम तपकिरी पाण्याची धार, सरळ माझ्या बुटात. पुढचं आवरण काढायची वेळच आली नाही. नाही घेतली.

लीजवाला
शहाणा आहेस. एजंटचा नंबर पाठवू का?

नवशिक्या_नॉटिंगहॅम
नको. आजोबांच्या शेजाऱ्यांकडे 2004 ची निळी आहे, शेडमध्ये झाकलेली. विकायची नाही म्हणाले. पण मी गाडीचा नंबर लिहून आणलाय.

बारा_तेराचा_पाना
पाठव.