अनुभव धागा: घरचे जुने फोटो, वाड्यातली माणसं (बडोदे)

गणपतीला सगळे जमले की दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या घरांतून जुने अल्बम निघतात. फोटो कसे सोडवता, कॉपी कशी करता, नावं कशी काढून घेता ते लिहा. मोघम नको.

काचेआड
फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. दमट हवेत जिलेटिन मऊ होऊन काचेला धरतं. ओढलं की चेहरा काचेवरच राहतो. काच बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा आणि काचेतूनच फोटो घ्या. सारखे दोन दिवे दोन्ही बाजूंनी 45 अंशांवर, बाकीचे बंद. कॅमेऱ्यापुढे काळं कापड, लेन्सपुरतं भोक; नाहीतर काचेत तुम्हीच दिसाल. कृष्णधवल फोटोच्या कडेला निळसर चकाकी आली असेल तर पुसत बसू नका. ती धूळ नव्हे, फोटोतलीच चांदी वर आलेली असते.

स्कॅनवाला
4×6 इंची फोटो 600 डीपीआयला (दर इंचाला 600 ठिपके): 2400×3600 पिक्सेल, पुरे. 35 मिमी निगेटिव्हला 3200. मूळ फाइल टिफमध्येच (दर्जा न घटवणारा फाइल-प्रकार) ठेवा. 1970च्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडतात, कारण निळसर रंगद्रव्य आधी उडतं. दुरुस्ती कॉपीवर करा, मूळ स्कॅनला हात नको.

नवीन सभासद
व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले तर?

स्कॅनवाला
डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की आकार घटतो.

उलटी बाजू
आधी पाठ बघा. स्टुडिओचा शिक्का, मोडीतली किंवा गुजरातीतली एखादी ओळ, तिचाही फोटो घ्या आणि जोडीनं क्रमांक द्या: पुढची बाजू 014 क, पाठ 014 ख. पाठीवर बॉलपेन नको, दाब पुढच्या बाजूला उठतो. कडेला 2बी शिसपेन्सिल. गुळगुळीत प्लॅस्टिकी कागदावर ती उमटत नाही. तिथं पाकिटावर लिहा, आणि फोटो आत घालण्यापूर्वी.

आजींना "हे कोण?" विचारलं की नावापाशीच गाडी अडते. "हा जिना कुठला?", "ही पैठणी कुणाची?" असं विचारा, मग नावं आपोआप येतात. फोटो 8×10 इंची छापून हातात द्या. मोबाइलवर बोट लागलं की भलताच फोटो पुढे येतो. रेकॉर्डिंग चालू असताना फोटोचा क्रमांक आणि आजींचं बोट कुठे आहे ते तुम्ही मोठ्यानं बोला. "ही, आणि ही तिची जाऊ" याचा सहा महिन्यांनी काय उपयोग?

चौकातला ग्रुप
बडोद्याचे चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी 1967 पासून गुजरातेत खेडोपाडी भिंतचित्रं टिपली. त्यांच्या बऱ्याच चौकटींत ती भिंत आणि घरचं माणूस शेजारी-शेजारी आहे. वाड्यातही तेच करा: तुळशीवृंदावन, झोपाळा, उंबरा चौकटीत येऊ द्या.

पंचवीस माणसं असतील तर तीन रांगा: पाट, खुर्च्या, उभे. भर दुपारी चौकात ऊन डोक्यावर येतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ऊन भिंतीवर चढल्यावर घ्या. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (सेन्सर 35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) 35 मिमी लेन्स, छिद्र एफ/8, शटर 1/125 सेकंद. 24 मिमीनं कडेचे काका रुंद होतात (आणि वर्षभर बोलून दाखवतात). किमान बारा फोटो, कारण कुणाचे तरी डोळे मिटतातच.

कुणालाही हलू न देता लगेच व्हिडिओ: प्रत्येकानं रांगेनं आपलं नाव आणि नातं सांगायचं, डावीकडून. डावीकडून म्हणजे कॅमेऱ्याच्या डावीकडून, हे आधी बजावा.