मिंटवर विंडोज हवंय, तेही डोंगलसकट. व्हर्च्युअल की रिमोट?

टंकनिका
नमस्कार मंडळी. घरून डीटीपी करते. लॅपटॉपवर लिनक्स मिंट, 8 जीबी रॅम. गिऱ्हाइकांच्या जुन्या फाँटमधल्या फायलींसाठी मात्र विंडोजवरचं एक सॉफ्टवेअर लागतं आणि ते यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. सध्या ते पलीकडच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर आहे (विंडोज 10 होम). एका पत्रिकेसाठी दहा वेळा उठते. व्हर्च्युअलबॉक्स टाकू (म्हणजे मिंटच्या आतच विंडोज) की इथूनच डेस्कटॉप रिमोटने चालवू? बजेट 2000, वर एक रुपया नाही.

पुणेरी_पगार
मॅक घ्या. मी घेतला, तीन वर्षांत एकदा हँग झाला नाही.

गावठी_गीक
पगारराव, 2000 वाचलं का? आणि नव्या मॅकचा प्रोसेसर एआरएम, म्हणजे वेगळ्याच जातीचा. त्यावर एआरएमवालं विंडोज चालेल, पण डोंगलचा जुना ड्रायव्हर कुठून आणणार?
ताई, व्हर्च्युअलबॉक्स टाका. आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा. स्वतःचा युजर vboxusers या ग्रुपात घाला, नाहीतर व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत डोंगल दिसतच नाही. मी यात अख्खा रविवार घालवलाय.

सातारी_कंदी
ड्युअल बूट करा (एकाच लॅपटॉपवर दोन्ही, सुरू करताना एक निवडायचं), फुकट आहे. फक्त बॅकअप घ्या. मी पार्टिशन वाढवताना भलतीकडे क्लिक केलं आणि बारशाचे फोटो गेले. बायको अजून तो विषय काढते.

टंकनिका
ड्युअल बूटमध्ये दोन्ही एकदम कुठे चालतात? उठण्याऐवजी रीस्टार्ट, एवढाच फरक.

अक्षरशत्रू
मुळात युनिकोड (सगळीकडे चालणारा मराठी टायपिंगचा प्रकार) का नाही वापरत? तुमच्या त्या फायलीतून कॉपी-पेस्ट केलं की नुसती रोमन अक्षरांची भेळ.

टंकनिका
गिऱ्हाइकाला सांगा. दिवाळी अंकाची फाइल येते तशीच येते.

निवांत_नगरकर
8 जीबीतले 4 विंडोजला दिले तर मिंट रडेल. रॅम 16 करा. शिवाय व्हर्च्युअल विंडोजला लायसन्स वेगळं लागतं, डेस्कटॉपबरोबर आलेलं सहसा तिथे चालत नाही. म्हणजे बजेट गेलं. रिमोट म्हणाल, तर विंडोज होम आरडीपीचं (विंडोजच्या स्वतःच्या रिमोटचं) यजमान होत नाही, त्याला प्रो लागतं.

गावठी_गीक
रिमोटसाठी एनीडेस्क सॉफ्टवेअर आहे की.

निवांत_नगरकर
आहे, आणि आरडीपीत रुसणारे काही डोंगल तिथे चालतातही. पण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ते मशीन नेटवर ठेवू नका. राउटरवर 3389 पोर्ट (आरडीपीचं दार) उघडा म्हणणारा भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

कर्नल_काका
व्हर्च्युअलबॉक्स कशाला? केव्हीएम वापरा! तेही व्हर्च्युअल मशीनचंच सॉफ्टवेअर, 2007 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे.

पुणेरी_पगार
रॅम 16 कराच. मॅक घेतलात तर हा प्रश्नच येत नाही.

टंकनिका (आठ दिवसांनी)
सर्वांचे आभार. कुणाचंच ऐकलं नाही. डेस्कटॉप उचलून टेबलाखाली आणला, त्याची नेटची वायर काढली आणि 1100 रुपयांचा केव्हीएम स्विच घेतला. एकच कीबोर्ड, माउस, मॉनिटर; बटण दाबलं की मिंट, पुन्हा दाबलं की विंडोज. डोंगल जागचा हलला नाही. फायली पेनड्राइव्हने न्यायच्या, तेवढा वैताग आहे.

कर्नल_काका
बघा, केव्हीएमच म्हणालो होतो मी.

टंकनिका
काका, हा डबा आहे हो.

कर्नल_काका
तेच ते.